येण्याचे कारण

७ जानेवारी, रविवार

सूनबाई,

हा मायना लिहायचा की नाही यावर दोन कागद फाडले. दुसरं काही सुचलं नाही म्हणून तोच ठेवला. नाही आवडला तर वरची ओळ सोडून वाच.

पत्र बघून घाबरू नकोस. मी ठीक आहे. घर ठीक आहे. मागच्या भिंतीला ओल आली होती, तीही थांबली. शेजारच्या शिंपीणबाई तशाच आहेत, मशीन आणि तोंड दोन्ही दिवसभर चालू. त्यांची भाची मागच्या महिन्यात शहरात गेली होती. तिला तू बसमध्ये भेटलीस म्हणे, आणि एक कार्ड दिलंस. ते कार्ड फिरत फिरत माझ्यापर्यंत आलं. त्यावर हॉटेल असं लिहिलं आहे आणि खाली पत्ता. तू हॉटेलात काम करतेस हे वाचून कार्ड उलटं करून ठेवलं. लोकांच्या उष्ट्या कपबशा विसळायच्या, टेबलं पुसायची. पण काम ते काम. मी काही बोलणार नाही. बोलण्याचा हक्क माझा मीच घालवला आहे.

कामाचं लिहितो. मला दोन दिवस शहरात यायचं आहे. डोळ्यांच्या मोठ्या इस्पितळात दाखवायचं आहे. किरकोळ आहे. इथले डॉक्टर म्हणाले, एकदा मोठ्या मशीनवर बघून घ्या, एवढंच. तर उतरायला एखादा लॉज हवा. तू हॉटेलात आहेस, तेव्हा आसपासच्या लॉजची माणसं तुमच्याकडे चहाला येत असतील, त्यांच्या बोलण्यातून कुठला बरा कुठला वाईट हे तुला कळत असेल. म्हणून विचारतो. नाहीतर त्रास दिला नसता.

लॉज परवडेल असा हवा. पण अगदीच स्वस्तही नको, स्वस्तात कोण कोण येऊन राहतं ते आपल्याला माहीत नसतं. गल्लीत नको, रस्त्यावर हवा. खाली दारूचं दुकान नको. दाराला आतून कडी हवी, नुसतं कुलूप नको, कारण कुलपाची दुसरी किल्ली मालकाकडे असते. जिना अंधारा नको. हे जरा जास्तच झालं का? माझं वय आता चौऱ्याहत्तर आहे आणि मी कधी एकटा बाहेरगावी राहिलेलो नाही. पाटी रंगवायला कुठे लांब गेलो तर तुझा नवरा बरोबर असायचा. त्याला जाऊन आठ वर्षं झाली.

तुझ्याकडे उतरण्याचा माझा विचार नाही. तो गैरसमज नको.

वेलांटी आता दहा वर्षांची झाली असेल. पाळण्यात पाय पोटाशी घेऊन झोपायची, अगदी दुसरी वेलांटी काढल्यासारखी, म्हणून मी तिला ते नाव ठेवलं होतं. आता तिला कोणी त्या नावाने हाक मारत नसेल.

फोन करणार होतो. पण फोनवर माझ्या तोंडून नको ते जातं, आणि गेलेलं खोडता येत नाही. कागद बरा.

तुझा सासरा


१९ जानेवारी, शुक्रवार

सूनबाई,

तुझं पत्र मिळालं. छापील कागद, वर हॉटेलचं नाव, आणि सुरुवातीला 'महोदय'. 'आपण केलेल्या चौकशीबद्दल आभारी आहोत.' मी दोनदा पाकीट उलटून बघितलं, दुसऱ्या कुणाचं तर नाही ना. अक्षर मात्र तुझंच. तुझा 'र' अजून कंबरेत वाकतो.

तू लिहिलंस की हे हॉटेल राहण्याचं आहे, इथे चहासुद्धा मिळत नाही, शहरात लॉजला हॉटेलच म्हणतात, आणि मी कपबशा विसळत नाही, टेबलाशी बसून लोकांना खोल्या देते. वाचून बरं वाटलं आणि लाजही वाटली. शिंपीणबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "म्हणजे साहेबीण झाली म्हणा की! आणि तुम्ही पंधरा दिवस तिच्या नावाने कपबशा विसळत बसला होतात." असो. शहराची भाषा शहराला.

तू तीन जागा सुचवल्यास. उपकार झाले. पण तिन्हींबद्दल माझ्या शंका आहेत. इस्पितळाजवळची पहिली चांगली दिसते, पण चौथा मजला, आणि लिफ्ट बंद पडली तर? दुसरी स्टेशनच्या मागच्या बाजूला. मागच्या बाजूला का? पुढच्या बाजूला जागा असताना मागे हॉटेल बांधणाऱ्या माणसाच्या मनात काय असेल? तिसरी बाजारात, ती बरी, पण बाजार संध्याकाळी उठल्यावर तो रस्ता कसा असतो ते तू लिहिलं नाहीस. शिवाय रात्री दाराशी कोणी बसतं का, दिवा असतो का, पाटी लांबून दिसते का. पाटीचं मी धंद्यापायी विचारत नाही. माणूस नव्या गावात चुकला की त्याला पाटीच धरून चालावं लागतं, आणि मला आता बारीक पाट्या वाचता येत नाहीत.

शिंपीणबाईंना ही यादी वाचून दाखवली. त्यांनी मशीन थांबवलं. "पेंटर, तुम्हाला कोण चोरून नेणार आहे हो? नेलं तर सकाळी परत आणून सोडतील." त्यांना हसायला काय जातं.

तुझ्या स्वतःच्या हॉटेलचं नाव तू तिन्हींत घातलं नाहीस, हे माझ्या लक्षात आलं. बरोबर आहे.

पण एक गोष्ट लिहिल्याशिवाय पाकीट बंद होत नाही. तू 'महोदय' लिहिलंस, लिही. मी राग गिळला आहे तसा तूही गिळ. सहा वर्षांपूर्वी तूच चिठ्ठी पाठवलीस. स्टँडवरच्या हमालाने आणून दिली होती. 'स्टँडसमोरच्या हॉटेलात आहे. बरोबर वेलांटी आहे. संध्याकाळी पाचच्या गाडीने आम्ही कायमच्या शहरात जाणार. तोवर येऊन भेटा.' ती चिठ्ठी माझ्याकडे आहे. मी सकाळी आठला जाऊन बसलो. पाचची गाडी समोरून गेली तोवर बसलो. तू आली नाहीस. मी कुणाला काही बोललो नाही, तुलाही पत्र टाकलं नाही. पण आठ ते पाच बाकावर बसलेल्या माणसाला 'महोदय' म्हणताना हात जरा थांबायला हवा होता.

हे वाक्य खोडणार होतो. राहू दे.

तुझा सासरा


२८ जानेवारी, रविवार

सूनबाई,

तुझं पत्र काल दुपारी आलं. या वेळी साधा कागद, मायना नाही. चारच ओळी. 'मी आले होते. हॉटेलच्या खोलीत होते, खोली नंबर सहा. पोरीला खिडकीपाशी उभी करून ठेवली होती. तुम्ही आला नाहीत. आता म्हातारपणी खोटं लिहू नका.'

मी आधी चिडलो. मग 'हॉटेलच्या खोलीत' या शब्दांवर आलो आणि तिथेच अडकलो. स्टँडसमोरच्या हॉटेलाला खोली कुठून आली? तिथे सहा टेबलं, दोन बाक, एक भट्टी. मागे लाकडं ठेवायला पडवी. मी त्याची पाटी तीनदा रंगवली आहे, मला त्याचा खिळा न् खिळा माहीत आहे.

शिंपीणबाईंनी विचारलं, पेंटर, तोंड असं का झालंय. मी चपला घातल्या आणि स्टँडवर गेलो.

स्टँडसमोर उभा राहिलो. उजवीकडे चहाचं दुकान, वर पाटी, हॉटेल. चार घरं सोडून डावीकडे बियाण्यांचं दुकान, त्याच्या वरच्या मजल्यावर पाटी, लॉज. दोन्ही माझ्या हातच्या. 'हॉ' आणि 'लॉ' या अक्षरांवरचे चंद्र मी एकाच दिवशी काढले होते, पिवळा रंग उरला होता म्हणून. माझी शाळा चौथीपर्यंत झाली, सूनबाई. मला शब्द पुस्तकातून आले नाहीत, पाट्यांवरून आले. ज्या दुकानावर मी जो शब्द रंगवला तो त्या दुकानाचा. चहा मिळतो ते हॉटेल. झोपायला मिळतं तो लॉज. पन्नास वर्षं याच गावात हेच रंगवलं. दुसरं काही असू शकतं हे डोक्यात आलंच नाही. मागच्या पत्रात तू स्पष्ट लिहिलंस, शहरात लॉजला हॉटेल म्हणतात. मी वाचलं, 'असो' लिहिलं, आणि खाली तुझ्यावर राग काढला. तेव्हाही कळलं नाही. इतका मी जड डोक्याचा.

तू तुझ्या माहेरच्या मोठ्या गावातला शब्द लिहिलास. मी माझ्या पाटीवरचा वाचला.

लॉजच्या जिन्यावर गेलो. जिना बोळातून आहे, रस्त्यावरून दिसत नाही. मॅनेजर ओळखीचा. म्हणाला, "या पेंटर, पाटी खराब झाली सांगायला आलात ना? मालक पैसे सोडत नाही." मी म्हटलं, सहा वर्षांपूर्वीचं रजिस्टर दाखव. म्हणाला, "कशाला? कुणी खून केलाय का?" मग माझ्या तोंडाकडे बघून त्याने कपाटावरून गठ्ठा काढला. धूळ झटकली. मी तारीख सांगितली. त्याने पान काढून माझ्यापुढे ठेवलं. मला दिसेना. मी म्हटलं, तूच वाच.

त्याने बोट ठेवून एकेक रकाना वाचला. खोली नंबर सहा. एक बाई, एक लहान मुलगी. कुठून आलात, ते गाव. येण्याचे कारण, सासऱ्यांना भेटणे.

मग तो थांबला. "सासरे म्हणजे तुम्हीच का हो?"

मी म्हटलं, पुढे वाच.

पुढे खोली सोडल्याची वेळ होती. दुसऱ्या दिवशी सकाळी सात.

तू पाचची गाडी सोडलीस. मला माहीत नव्हतं. पाचची गाडी माझ्यासमोरून गेली तेव्हा मी बाकावरून उठलो, हॉटेलवाला म्हणाला, "पेंटर, उद्या येतील हो," आणि मी त्याच्यावर ओरडलो की मला कुणाची गरज नाही. आणि घरी येऊन झोपलो. तू त्या वेळी चार घरांवर होतीस. आणखी एक रात्र होतीस.

सहा नंबरची खिडकी बघायला मागितली. खोलीत कुणी नव्हतं. खिडकी मागे उघडते. तिथून बियाण्यांच्या गोदामाचा पत्रा दिसतो, बाकी काही नाही. चार वर्षांची पोर दिवसभर तो पत्रा बघत उभी होती.

मी खोटं लिहिलं नव्हतं. तूही नाही.


२९ जानेवारी, सोमवार

कालचं पत्र पोस्टात टाकायला निघालो आणि परत आलो. त्यात फक्त मी कसा खरा होतो तेवढंच लिहिलं आहे. तू लॉजमध्ये का उतरलीस, घरी का आली नाहीस, हे लिहिलं नाही. ते लिहितो आणि दोन्ही कागद एकाच पाकिटात घालतो.

तू घरी आली नाहीस कारण मीच तुला सांगितलं होतं की परत येऊ नकोस. गल्लीत मी सांगितलं, सून आपणहून माहेरी गेली, तरुण आहे, तिचंही बरोबर आहे. लोक मला मोठ्या मनाचा म्हणाले. मी म्हणू दिलं.

त्या सकाळी तू दारात उभी होतीस. "बाबा, आज त्यांना नेऊ नका, अंग तापलंय." मी हसून म्हटलं, "रंगाचा वास लागला की ताप पळतो." तुझ्या नवऱ्यानेही हसून रंगाचा डबा उचलला. कापड दुकानाची पाटी होती, दोन मजली. सगळ्यांना मी सांगितलं की मी शिडी धरून उभा होतो, तरी ती सरकली. शिडी मी धरलेली नव्हती. मी रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभा होतो. अक्षरं सारखी बसलीत का हे खाली उभं राहून कळत नाही, लांब जाऊन बघावं लागतं, हे तुला माहीत आहे. शेवटचं अक्षर जरा आत आलं होतं. मी तिथून ओरडलो, "उजवीकडे घे, अजून उजवीकडे." तो उजवीकडे झुकला.

हे मी पहिल्यांदा लिहितो आहे. बोललो तर कधीच नाही.

मग तू घरात समोर दिसायचीस. तू एका शब्दाने मला काही म्हटलं नाहीस. म्हणाली असतीस तर मी भांडलो असतो आणि मोकळा झालो असतो. तू गप्प राहून जेवायला वाढायचीस, आणि मला रोज ताटात तीच सकाळ वाढल्यासारखी वाटायची. म्हणून तुला घालवलं. दोन वर्षांच्या पोरीसकट. आणि त्यानंतरही तू दोन वर्षांनी तिला घेऊन आलीस, मला दाखवायला.

डोळ्यांचं किरकोळ नाही. डावा गेला आहे. उजव्यात मधोमध ठीक दिसतं, कडा खाऊन टाकल्यासारख्या झाल्या आहेत. शहरातले डॉक्टर काय करतील ते करतील. मला वेलांटीला एकदा बघायचं आहे, मधोमध धरून, जेवढं दिसेल तेवढं. घरी बोलावू नकोस. रस्त्यात दाखव, शाळेच्या दाराशी दाखव. लॉजचं, म्हणजे हॉटेलचं, तू म्हणशील तिथे राहीन. चौथा मजला असला तरी चालेल.


११ फेब्रुवारी, रविवार

सूनबाई,

तेरा दिवस पोस्टमनच्या अंगावर धावून जात होतो. तो आता लांबूनच हात हलवून 'नाही' म्हणतो. काल त्याने हात हलवला नाही.

तू 'बाबा' असा मायना लिहिलास. त्या एका शब्दापाशी बराच वेळ गेला. पुढचं पत्र शिंपीणबाईंकडून वाचून घ्यावं लागलं, कारण तू बारीक लिहिलं आहेस आणि मला उजेड पुरेना. त्यांनी सगळं वाचलं. मध्ये दोनदा थांबून म्हणाल्या, सुईत दोरा ओवायचा राहिलाय, आणि आत गेल्या.

तू लग्न केलंस, हे वाचलं. दोन वर्षं झाली. वेलांटी त्यांना बाबा म्हणते. ते चांगले आहेत एवढं तू लिहिलं आहेस, मला पुरे आहे. ते काय करतात, कुठले आहेत, मी विचारत नाही. मी तुला सूनबाई लिहिणं बरोबर नाही आता. पण दुसरं नाव माझ्या हाताला येत नाही. चालवून घे.

शिडीबद्दल तू लिहिलंस की तुला माहीत होतं. समोरच्या दुकानदाराने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तरी तू जेवायला वाढत राहिलीस.

आणि तू लिहिलंस की त्या दिवशी परतीच्या गाडीत पोर विचारत राहिली, आजोबा का नाही आले, आजोबा का नाही आले, शेवटी तू तिला सांगितलंस की ते वारले. तुला त्याबद्दल वाईट वाटतं. वाटू देऊ नकोस. मी तुझ्या जागी असतो तर त्याआधीच मारलं असतं. शिंपीणबाई म्हणाल्या, "पेंटर, तुम्ही सहा वर्षं मेलेले आहात आणि मला सदऱ्याची उसवण शिवायला सांगता आहात." त्यांचे डोळे पुसलेले होते तरी बोलायचं राहवत नाही.

तर तू तुमच्याच हॉटेलात उतरा म्हणालीस. खोली नंबर एक, तळमजला, तुझ्या टेबलाच्या समोर. आतून कडी आहे, तू स्वतः बघून आलीस. दाराशी रात्रभर माणूस बसतो. समोर औषधांचं दुकान, ते उशिरापर्यंत उघडं. इस्पितळाची बस दारातून. मी विचारलेल्या एकूण एक गोष्टीचं उत्तर तू दिलं आहेस, संध्याकाळी रस्ता कसा असतो तेही. इतकं कुणी मला कधी सांभाळलं नव्हतं.

वेलांटी साडेतीनला शाळेतून येते आणि सहापर्यंत तुझ्या टेबलापाशी अभ्यास करते. 'तिला कोण म्हणून भेटायचं ते तुम्हीच ठरवा, बाबा, मी काही आड येणार नाही,' असं तू लिहिलंस.

मी ठरवलं आहे. मी सांगणार. दहा वर्षांची पोर म्हणजे समजूतदार असते. वर्तमानपत्रात येतंच की कधी कधी, वारला म्हणून कळवलेला माणूस घरी परतला. आपण तसंच सांगू. एका शब्दाची चूक झाली, दुसरं काही नाही. ती हसेलसुद्धा. पांढरा सदरा धुवायला टाकला आहे. दाढी तिथे आल्यावर करीन, इथला न्हावी कापतो.

सोमवारी, सव्वीस तारखेला येतो.

तुझा सासरा


१ मार्च, शुक्रवार

सूनबाई,

सुखरूप पोचलो. बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. शेजारचा माणूस चांगला होता.

तुझ्याशी तिथे धड बोलणं झालं नाही. चावी देताना तू म्हणालीस, "गरम पाणी सकाळी सहा ते आठ." मी म्हटलं, "बरं." आठ वर्षांनी समोरासमोर आलो आणि तेवढंच जमलं. तुझ्या केसांत पांढरं आलं आहे. मला ते दिसलं, कारण ते मधोमध होतं.

मी तिला का सांगितलं नाही, हे तू निघताना नजरेने विचारलंस. तू तिथे नव्हतीस. वर कुणाच्या तरी नळाला पाणी येत नव्हतं म्हणून तू गेली होतीस. त्या वेळात काय झालं ते तुला कळायला हवं.

ती आली. दप्तर टेबलावर आपटलं, खुर्चीत मांडी घातली. मला बघून म्हणाली, "चावी हवीय का? आई वर गेलीय."

मी म्हटलं, "नको. नुसता बसलोय."

"बसा. बसायला पैसे नाही पडत." हे ती तुझ्याकडून शिकली की त्यांच्याकडून?

तिने वही काढली. मी वाकून बघितलं. ती वाकडी वेलांटी काढते, खाली आणता आणता घाईत सोडून देते. मी म्हटलं, "वेलांटी पूर्ण खाली आण, मग उचल हात. नाहीतर अक्षर लंगडतं."

"तुम्ही मास्तर आहात?"

"नाही. पाट्या रंगवायचो."

तिने पेन खाली ठेवलं. "माझे आजोबापण पाट्या रंगवायचे! म्हणजे हे वाले आजोबा नाही, आधीचे. ते वारले."

मला बोलायचं होतं. याच जागी बोलायचं असं मी बसमध्ये चार वेळा घोकलं होतं. मी म्हटलं, "कधी गं?"

"मी चार वर्षांची होते. आम्ही त्यांना भेटायला गेलो होतो. हॉटेलात थांबलो होतो, खूप वेळ, मला आठवतंय, खिडकीतून पत्रा दिसायचा. ते येणार होते. पण नेमके त्याच दिवशी वारले. म्हणून नाही आले." मग ती माझ्याकडे बघून, मला समजावल्यासारखं म्हणाली, "नाहीतर आले असते."

"कशावरून?"

"आई म्हणते ना. आई म्हणते, जिवंत असते तर पळत आले असते."

तू मला नुसतं मारलं नव्हतंस, सूनबाई. हे तू पत्रात लिहिलं नाहीस. तिच्या हिशेबात मी शब्द मोडलेला नाही. मी पळत यायला निघालेला माणूस आहे, फक्त वाटेत मेलो. आता मी उठून सांगितलं असतं की मी जिवंत आहे, तर पुढचा प्रश्न काय आला असता? मग सहा वर्षं कुठे होतात. मी काय सांगणार होतो, रागावून बसलो होतो? हॉटेल आणि लॉजची गोष्ट सांगून एक दिवस उलगडता येतो. सहा वर्षांचं काय? आणि मग, आधी का गेलो होतो आपण तिथून, आधीचे बाबा कसे पडले. ती हुशार आहे, एकामागून एक विचारेल.

मी म्हटलं, "खरं आहे. आले असते."

"तुम्ही ओळखत होता त्यांना?"

"थोडंफार. एकाच धंद्यातले."

"कसे होते?"

मी म्हटलं, "अक्षर बरं होतं."

ती एकदम हसली. "आईपण एवढंच सांगते!"

तेवढ्यात तू जिन्यावरून उतरलीस, हात ओले. मी खोलीत गेलो आणि आतून कडी लावली. कडी चांगली आहे.

इस्पितळातलं सांगायचं तर डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे. थेंब दिले आहेत. तू काळजी करू नकोस, आणि औषधाबिषधाचं काही पाठवू नकोस. तिला काही सांगू नकोस. मोठी झाली आणि तिने आपणहून विचारलं, तर तेव्हा तू ठरव. मी असेन नसेन. पत्र टाकत राहीन म्हणतो, पण हॉटेलच्या पत्त्यावर, घरी नको.

दुसऱ्या दिवशी मी निघालो तेव्हा तू फोनवर होतीस, हात केलास. मी बसथांब्याकडे चालत होतो. इस्पितळाची फाइल तुमच्या सोफ्यावर विसरलो होतो, ते तुला नंतर कळलं असेल. ती फाइल घेऊन वेलांटी धावत बाहेर आली. फुटपाथवर गर्दी होती. तिला माझं नाव माहीत नव्हतं. म्हाताऱ्या माणसाला कोणीही जी हाक मारतं, ती तिने मारली, चांगली मोठ्याने, दोनदा. आजोबा! ओ आजोबा!

फुटपाथवरचे तीन म्हातारे मागे वळले. त्यांतला एक मी होतो.